काल की आदल्या दिवशी? इंग्रजीत गेलेला काळ सांगताना

‘मला इथे येऊन पाच वर्षं झाली.’ मराठीत हे वाक्य बोलायला कुणालाच अडत नाही. तेच इंग्रजीत सांगायला गेलं की ‘आय केम हिअर बिफोर फाइव्ह इयर्स’, ‘आय ॲम हिअर सिन्स फाइव्ह इयर्स’ आणि ‘आय वॉज हिअर फॉर फाइव्ह इयर्स’ असे तीन उमेदवार जिभेवर येऊन उभे राहतात आणि तिघेही नापास होतात. पहिली दोन वाक्यं सरळ चुकीची आहेत. तिसरं व्याकरणाने निर्दोष आहे, पण त्याचा अर्थ ‘मी इथे पाच वर्षं होतो, आता नाही’ असा होतो. मला विचाराल तर हे तिसरंच सगळ्यांत धोक्याचं. चूक असेल तर ऐकणारा मनातल्या मनात दुरुस्त करून घेतो. वाक्य शुद्ध असेल तर तो ते खरं धरून चालतो.

ओळखीच्या एका मुलीने नोकरीच्या मुलाखतीत स्वतःच्या चालू नोकरीबद्दल ‘आय वर्क्ड देअर फॉर फोर इयर्स’ असं सांगितलं. समोरून प्रश्न आला, ‘का सोडलीत?’ ती गडबडली, कारण तिने ती सोडलीच नव्हती.

‘बिफोर’, ‘सिन्स’, ‘फॉर’ अशा शब्दांच्या याद्या पाठ करून मी स्वतः बरीच वर्षं घालवली. यादी परीक्षेपुरती टिकते, बोलताना आठवत नाही. शेवटी कामाला आले ते दोन प्रश्न. पहिला, मी काळ कुठून मोजतोय? दुसरा, सांगतोय तो काळ संपलाय की अजून चालू आहे? गंमत म्हणजे हे दोन्ही भेद मराठीत आहेत, आपण ते रोज न चुकता पाळतो. फक्त इंग्रजी बोलताना ते आपल्याकडे आहेत हे विसरतो.

उदाहरणांसाठी माणसाच्या अंतराळातल्या पहिल्या उड्डाणांच्या तारखा वापरतो. त्या बदलत नाहीत, त्यामुळे काळाचे शब्द तपासायला बऱ्या पडतात.

पायरी १ : खुंटी कुठे ठोकली आहे ते बघा

‘काल’ आणि ‘आदल्या दिवशी’ यांत फरक काय? दोन्ही म्हणजे एक दिवस मागे. पण ‘काल’ हा आजपासून मागे मोजतात आणि ‘आदला दिवस’ हा गोष्टीतल्या दुसऱ्या कुठल्यातरी दिवसापासून. ‘परीक्षेच्या आदल्या दिवशी मी आजारी पडलो’ असं आपण म्हणतो, ‘परीक्षेच्या काल’ असं लहान मूलही म्हणत नाही. म्हणजे दोरी कुठल्या खुंटीला बांधायची हे आपल्याला उपजत कळतं. अडचण ‘पूर्वी’ आणि ‘आधी’ या शब्दांत आहे. ते दोन्ही खुंट्यांना चालतात. ‘दोन वर्षांपूर्वी’ म्हणजे आजपासून दोन वर्षं मागे आणि ‘लग्नाच्या दोन वर्षांपूर्वी’ म्हणजे लग्नापासून मागे. इंग्रजीत या दोन जागांसाठी दोन वेगळे शब्द आहेत.

आजच्या खुंटीला ‘अगो’. ‘टू इयर्स अगो’, ‘टेन मिनिट्स अगो’, ‘अ लाँग टाइम अगो’. हा शब्द मुळात एका जुन्या क्रियापदाचं रूप आहे आणि त्याचा अर्थच ‘गेलेलं’ असा होता. ‘टू इयर्स अगो’ म्हणजे ‘दोन वर्षं गेलेली’. हे लक्षात ठेवलं की तो नेहमी मोजमापाच्या मागे का बसतो ते आपोआप कळतं. ‘अगो’ एका ठरावीक क्षणावर बोट ठेवतो, म्हणून त्याच्यासोबत साधा भूतकाळ येतो. ‘आय मेट हर टू इयर्स अगो’ बरोबर, ‘आय हॅव मेट हर टू इयर्स अगो’ चूक. गप्पांमध्ये याच अर्थाने ‘टू इयर्स बॅक’ म्हटलेलंही ऐकू येईल. ते चालतं, औपचारिक पत्रात मात्र ‘अगो’च लिहावं.

दुसऱ्या खुंटीला ‘बिफोर’ किंवा ‘अर्लिअर’. माणूस चंद्रावर उतरला जुलै १९६९ मध्ये. युरी गागारिन अंतराळात गेला एप्रिल १९६१ मध्ये. चंद्राची गोष्ट सांगताना मागे वळून गागारिनची आठवण काढायची असेल तर ‘गागारिन हॅड गॉन इन्टू स्पेस एट इयर्स अर्लिअर’. इथे ‘एट इयर्स अगो’ म्हटलंत तर दोरी आजच्या खुंटीला बांधली जाते आणि गागारिन आठ वर्षांपूर्वी, म्हणजे स्मार्टफोनच्या जमान्यात उडाला असा अर्थ होतो.

आता आपली सगळ्यांत लाडकी चूक : ‘बिफोर टू इयर्स’. मराठीत ‘दोन वर्षां’ आधी येतं आणि ‘पूर्वी’ त्याच्यामागे, तेव्हा इंग्रजीत उलटं करायचं असं आपल्याला वाटतं, कारण बाकी सगळीकडे उलटंच करावं लागतं. ‘टेबलावर’चं ‘ऑन द टेबल’ होतं, मग ‘दोन वर्षांपूर्वी’चं ‘बिफोर टू इयर्स’ का नाही? तर्क बिनतोड आहे, उत्तर चुकीचं. ‘बिफोर’च्या पुढे मोजमाप चालत नाही, तिथे एखादा क्षण किंवा घटना लागते : ‘बिफोर १९६९’, ‘बिफोर द एक्झाम’, ‘बिफोर आय मेट हर’. मोजमाप सांगायचंच असेल तर ते ‘बिफोर’च्या अलीकडे ठेवायचं : ‘टू इयर्स बिफोर द एक्झाम’.

‘बिफोर’ एकटाही येतो : ‘आय हॅव सीन धिस मॅन बिफोर.’ या माणसाला मी आधी कधीतरी पाहिलंय. केव्हा, ते सांगितलेलं नाही. अशा मोघम ‘आधी’ला ‘अगो’ कधीच चालत नाही, कारण त्याला काहीतरी माप हवं, आकडा नाहीतर निदान ‘लाँग’ किंवा ‘अ व्हाइल’ तरी.

खुंटी बदलली की आजूबाजूचे बाकीचे शब्दही बदलतात. ‘काल’ म्हणजे ‘यस्टर्डे’ आणि ‘आदल्या दिवशी’ म्हणजे ‘द डे बिफोर’. ‘गेल्या आठवड्यात’ म्हणजे ‘लास्ट वीक’ आणि ‘त्याच्या आदल्या आठवड्यात’ म्हणजे ‘द वीक बिफोर’ किंवा ‘द प्रीव्हिअस वीक’. पुढच्या दिशेलाही तसंच. आजपासून चार दिवसांनी म्हणजे ‘इन फोर डेज’ आणि गोष्टीतल्या दिवसानंतर चार दिवसांनी म्हणजे ‘फोर डेज लेटर’. अपोलो ११ हे यान १६ जुलै १९६९ रोजी सुटलं, ‘अँड फोर डेज लेटर इट लँडेड ऑन द मून’. कुणाचं बोलणं दुसऱ्याला सांगताना हे हमखास लागतं. तिने महिन्यापूर्वी ‘मी काल आले’ असं म्हटलं असेल तर आज सांगताना ‘शी सेड शी हॅड कम द डे बिफोर’. मराठीत आपण तिचं वाक्य जसंच्या तसं ठेवून ‘असं म्हणाली’ जोडतो आणि मोकळे होतो. इंग्रजीत तशी सोय कमी आहे.

आणि ‘गेल्याच्या गेल्या आठवड्यात’? ‘लास्ट टू लास्ट वीक’ भारतात सगळ्यांना कळतं, भारताबाहेर समोरचा डोळे मिचकावतो. सगळीकडे चालणारं रूप ‘द वीक बिफोर लास्ट’. परवा म्हणजे ‘द डे बिफोर यस्टर्डे’. एवढं लांबलचक का, असं वाटेल. जुन्या इंग्रजीत परवासाठी एकच शब्द होता, तो वापरातून गेला. पण आपल्याही ‘परवा’त एक गोची आहेच, तो मागचाही असतो आणि पुढचाही. शिवाय ‘परवा परवापर्यंत’ किंवा ‘अगं, परवाच भेटला होता’ म्हणताना आपण नेमका दिवस मोजतच नाही. हा सैल ‘परवा’ म्हणजे ‘द अदर डे’. त्याचा शब्दशः ‘दुसऱ्या दिवशी’ असा अर्थ लावू नका. ‘आय सॉ हिम द अदर डे’ म्हणजे इतक्यातच कधीतरी पाहिलं.

पायरी २ : दार उघडं आहे का बंद?

इथे जरा जास्त वेळ थांबू या, कारण मुलाखतीतल्या त्या मुलीची चूक इथलीच.

काळाचा एक तुकडा म्हणजे खोली समजा. त्या खोलीचं दार आजपर्यंत उघडं असेल तर इंग्रजी ‘हॅव’ किंवा ‘हॅज’ मागतं. दार लागलं असेल तर साधा भूतकाळ. ‘आय हॅव वर्क्ड हिअर फॉर फोर इयर्स’ : चार वर्षं झाली, अजून आहे. ‘आय वर्क्ड देअर फॉर फोर इयर्स’ : चार वर्षं होते, आता नाही. दोन्हीकडे ‘फॉर फोर इयर्स’ तेच आहे. दार उघडं की बंद हे क्रियापद सांगतं.

मराठीत मात्र ‘मी इथे चार वर्षांपासून काम करतोय’ असं वर्तमानकाळात सांगतात. म्हणून आपण ‘आय ॲम वर्किंग हिअर’ म्हणतो आणि ‘पासून’साठी ‘सिन्स’ जोडतो. एका वाक्यात दोन चुका होतात आणि दोन्हींचं मूळ चांगल्या मराठीत असतं. इंग्रजीचा विचार वेगळा आहे. ही गोष्ट मागे सुरू झाली आणि इथपर्यंत आली, म्हणजे तिचा एक पाय भूतकाळात आणि एक आज. दोन्ही पाय दाखवायला ‘हॅव बीन वर्किंग’ लागतं. नुसतं ‘ॲम वर्किंग’ म्हटलं की मागचा पाय दिसत नाही.

आता ‘पासून’चा प्रश्न. मराठी ‘पासून’ दोन कामं करतो, ‘सोमवारपासून’ आणि ‘तीन दिवसांपासून’. पहिल्यात सुरुवातीचा क्षण आहे, दुसऱ्यात लांबी. इंग्रजीत क्षणाला ‘सिन्स’ आणि लांबीला ‘फॉर’. ओळखायची युक्ती अशी : ‘पासून’च्या आधीच्या शब्दावर कॅलेंडरमध्ये किंवा घड्याळात बोट ठेवता येतं का? सोमवार, १९७२, सकाळचे नऊ, लहानपण, लग्न यांवर बोट ठेवता येतं, तिथे ‘सिन्स’. तीन दिवस, दोन तास, बरीच वर्षं हे नुसतं माप आहे, तिथे ‘फॉर’. दुसरी युक्ती त्याहून सोपी. ‘पासून’ काढून टाकलं तरी वाक्य उभं राहत असेल तर ‘फॉर’. ‘मी तीन दिवस वाट बघतोय’ उभं राहतं, ‘मी सोमवार वाट बघतोय’ कोसळतं.

‘सिन्स’ला उघडं दार आवडतं. चंद्रावर माणूस शेवटचा चालला तो डिसेंबर १९७२ मध्ये. ‘नोबडी हॅज वॉक्ड ऑन द मून सिन्स १९७२.’ तेव्हापासून आजपर्यंत कुणी नाही, म्हणून ‘हॅज’. ‘फॉर’ला दाराशी देणंघेणं नाही, तो फक्त माप सांगतो. गागारिनचं उड्डाण १०८ मिनिटांचं होतं. ‘द फ्लाइट लास्टेड फॉर १०८ मिनिट्स’, दार केव्हाच बंद झालं. आणि ‘फ्रॉम’ला सहसा दोन्ही टोकं लागतात : ‘फ्रॉम १९६९ टू १९७२’. अजून चालू असलेल्या गोष्टीला ‘आय ॲम हिअर फ्रॉम मंडे’ म्हणू नका, तिथे ‘आय हॅव बीन हिअर सिन्स मंडे’.

आता सुरुवातीचं ‘झाली’ घेऊ. मराठीतलं हे फार सोयीचं क्रियापद आहे, कारण त्यात सुरुवात, लांबी आणि आज हे तिन्ही बसतं. इंग्रजीत तिघांपैकी कशावर भर द्यायचा ते आधी ठरवावं लागतं. ‘मला इथे येऊन पाच वर्षं झाली’ याचे तीन चेहरे होतात. आलो त्या क्षणावर भर दिला तर ‘आय केम हिअर फाइव्ह इयर्स अगो’. राहिलो त्या लांबीवर दिला तर ‘आय हॅव बीन हिअर फॉर फाइव्ह इयर्स’. आणि ‘झाली’ची चव शक्य तितकी राखायची असेल तर ‘इट्स बीन फाइव्ह इयर्स सिन्स आय केम हिअर’. तिसऱ्यात ‘सिन्स’च्या पुढे ‘आय केम’ ही घटना आहे, पाच वर्षं नाहीत. नियम मोडलेला नाही.

‘त्याला भेटून दोन वर्षं झाली’ हे आणखी मजेशीर आहे. मराठीत नकार कुठेच नाही, अर्थ मात्र नकाराचा. इंग्रजीत ‘आय लास्ट सॉ हिम टू इयर्स अगो’ किंवा ‘आय हॅवन्ट सीन हिम फॉर टू इयर्स’. दुसऱ्यात नकार उघडपणे सांगावा लागतो. तो गाळून ‘आय हॅव सीन हिम फॉर टू इयर्स’ म्हटलंत तर दोन वर्षं त्याला टक लावून बघत बसल्यासारखं होईल.

दाराचा हाच खेळ ‘लास्ट’मध्ये आहे, आणि इथे मराठी आपल्याला चक्क मदत करते. ‘गेल्या वर्षी’ आणि ‘गेल्या वर्षभरात’ यांतला फरक कुणाला सांगावा लागत नाही. ‘गेल्या वर्षी’ म्हणजे मागचं पूर्ण झालेलं वर्ष, दार बंद : ‘लास्ट इयर’, सोबत साधा भूतकाळ. ‘गेल्या वर्षभरात’ म्हणजे आजपासून मागे बारा महिने, दार उघडं : ‘इन द लास्ट इयर’ किंवा ‘ओव्हर द पास्ट इयर’, सोबत सहसा ‘हॅव’. एवढा मोठा फरक एका चिमुकल्या ‘द’वर उभा आहे, म्हणून तो गाळू नका. ‘द लास्ट’ आणि ‘द पास्ट’ मध्ये मी ‘पास्ट’कडे झुकतो. ‘द लास्ट थ्री डेज’चा अर्थ एखाद्या प्रवासाचे शेवटचे तीन दिवस असाही होऊ शकतो, ‘द पास्ट थ्री डेज’चा तसा होत नाही.

आणखी एक लहानशी पण फार दिसणारी चूक. मराठीत ‘आठवड्यात’मध्ये ‘त’ आहे म्हणून ‘इन लास्ट वीक’, ‘ऑन लास्ट मंडे’ लिहिलं जातं. ‘लास्ट’, ‘यस्टर्डे’, ‘धिस’ यांच्या आधी ‘इन’ किंवा ‘ऑन’ लागत नाही. काल रात्री म्हणजे ‘लास्ट नाइट’. काल सकाळी मात्र ‘यस्टर्डे मॉर्निंग’. असं का, याचं समाधानकारक उत्तर माझ्याकडे नाही, इंग्रजीला तशी सवय आहे.

‘धिस मॉर्निंग’चं दार तर डोळ्यांदेखत बंद होतं. सकाळी अकरा वाजता ‘हॅव यू सीन हर धिस मॉर्निंग?’ आणि दुपारी चार वाजता ‘डिड यू सी हर धिस मॉर्निंग?’ शब्द तेच, घड्याळ पुढे सरकलं.

‘नुकतंच’, ‘अलीकडे’, ‘हल्ली’ यांचं थोडक्यात उरकतो. नुकतंच घडलेल्या एका गोष्टीला ‘जस्ट’ किंवा ‘रीसेंटली’. अलीकडे सतत किंवा वरचेवर चाललेल्या गोष्टीला ‘लेटली’, सोबत ‘हॅव’ : ‘आय हॅवन्ट बीन स्लीपिंग वेल लेटली’. ‘हल्ली’ला ‘दीज डेज’ आणि साधा वर्तमानकाळ. ‘मी आत्ताच जेवलो’ला ब्रिटिश माणूस बहुधा ‘आय हॅव जस्ट ईटन’ म्हणेल, अमेरिकन माणूस ‘आय जस्ट एट’ म्हणण्याचीही तेवढीच शक्यता आहे. दोन्ही शुद्ध आहेत, त्यावरून वाद घालत बसू नका. ‘मघाशी’साठी ‘अ लिटल व्हाइल अगो’ किंवा त्याच दिवसातलं असेल तर ‘अर्लिअर टुडे’.

पायरी ३ : ‘होतो’चा मोह आवरा

‘काल मी बँकेत गेलो होतो.’ उत्तम मराठी. आणि लगेच जिभेवर येतं ‘यस्टर्डे आय हॅड गॉन टू द बँक’. समोरचा पुढच्या वाक्याची वाट बघत थांबतो, कारण ‘हॅड गॉन’ म्हणजे दुसरं काहीतरी घडायच्या आधी गेलो होतो. ते दुसरं काय, हे तुम्ही सांगितलेलंच नाही.

मराठीत ‘गेलो होतो’ म्हणताना आपण बहुतेक वेळा एवढंच सुचवतो की गेलो, परत आलो, आता त्याची हकीकत ऐका. त्यासाठी इंग्रजीत साधं ‘आय वेंट’ पुरतं. ‘हॅड’ तेव्हाच, जेव्हा गोष्टीत मागच्या दोन घटना असतात आणि आधीची नंतर सांगितली जाते. चंद्रावर पाऊल पडलं १९६९ मध्ये, गागारिन मार्च १९६८ मध्ये विमान अपघातात गेला. ‘व्हेन मेन वॉक्ड ऑन द मून, गागारिन हॅड ऑलरेडी डाइड.’ इथे ‘हॅड’ची खरोखर गरज आहे. घटना घडल्या त्याच क्रमाने सांगणार असाल तर इथेही ती उरत नाही : गागारिन १९६८ मध्ये ‘डाइड’, वर्षभराने माणूस चंद्रावर ‘वॉक्ड’. लिहून झालं की आपल्या मजकुरातले ‘हॅड’ शोधा आणि प्रत्येकाला विचारा, ‘तू कशाच्या आधी?’ उत्तर देता आलं नाही तर त्याला काढून टाका. मी हे अजूनही करतो आणि दर पानावर एखाददुसरा फुकटा सापडतोच.

पायरी ४ : ‘पर्यंत’चे दोन तुकडे करा

‘पाच वाजेपर्यंत काम करत होतो’ आणि ‘पाच वाजेपर्यंत काम संपवलं’. ‘पर्यंत’ एकच, पण पहिल्यात काम पाचापर्यंत सलग चालू आहे, दुसऱ्यात ते पाचाच्या आत केव्हातरी पुरं झालंय. चालू राहिलेल्याला ‘अनटिल’ किंवा ‘टिल’, मुदतीला ‘बाय’. ‘आय वर्क्ड अनटिल फाइव्ह’, पण ‘आय हॅड फिनिश्ड बाय फाइव्ह’. परीक्षा करायची तर ‘पर्यंत’च्या जागी ‘च्या आत’ घालून बघा. जमलं तर ‘बाय’. मे १९६१ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी ते दशक संपायच्या आत माणूस चंद्रावर पोचवायचं उद्दिष्ट जाहीर केलं, म्हणजे ‘बाय द एंड ऑफ द डेकेड’. इथे ‘अनटिल’ वापरलं तर दशकभर सतत उतरत राहायचं, असा अर्थ होईल.

‘तोपर्यंत’ही असाच फुटतो : ‘अनटिल देन’ म्हणजे तिथपर्यंत चालू, ‘बाय देन’ म्हणजे तेव्हा झालेलं होतं.

इथेच आणखी एक त्रिकूट उरकून घेऊ. ‘फॉर’ माप सांगतो, ‘ड्युअरिंग’ कशाच्या दरम्यान ते सांगतो आणि त्याच्यापुढे नाम येतं, ‘व्हाइल’च्या पुढे आख्खं वाक्य. अपोलो ११ मधले दोघे चंद्रावर चालत असताना तिसरा साथीदार मायकेल कॉलिन्स यानातून चंद्राभोवती फिरत होता. ‘व्हाइल दे वॉक्ड ऑन द मून, कॉलिन्स स्टेड इन ऑर्बिट’, किंवा ‘ड्युअरिंग द मूनवॉक’. ‘ड्युअरिंग टू अवर्स’ मात्र नाही.

पायरी ५ : ‘जायचो’ म्हणजे कोणतं?

‘लहानपणी आम्ही नदीवर जायचो.’ यासाठी ‘यूज्ड टू’ आणि ‘वुड’ असे दोन्ही मिळतात. सवयीच्या क्रियेला दोन्ही चालतात. चांगला कथनकार पहिलं वाक्य ‘वी यूज्ड टू गो टू द रिव्हर’ असं टाकून काळ ठरवतो आणि मग ‘वी वुड स्विम, वी वुड कॅच फिश’ असं पुढे नेतो. सुरुवातच ‘वुड’ने केली तर ऐकणाऱ्याला हे कधीचं ते कळत नाही, जर-तरचं वाक्य वाटतं.

क्रिया नसून स्थिती असेल, म्हणजे असणं, राहणं, आवडणं, माहीत असणं, तर फक्त ‘यूज्ड टू’. ‘इथे पूर्वी एक झाड होतं’ : ‘देअर यूज्ड टू बी अ ट्री हिअर’. मला या रचनेचं फार कौतुक आहे. ‘पूर्वी होतं, आता नाही’ हे सगळं तिच्यात न सांगता येतं. म्हणूनच अजून चालू असलेल्या सवयीला ती वापरली तर घोटाळा होतो. किती वेळा किंवा किती काळ हे सांगायचं असेल तर दोन्ही बाजूला ठेवा : ‘आय वेंट देअर थ्री टाइम्स’, ‘आय लिव्ह्ड देअर फॉर सिक्स इयर्स’.

उच्चार ‘यूस्ट टू’सारखा होतो, त्यामुळे लिहिताना शेवटचा ‘डी’ सुटतो. फक्त ‘डिडन्ट’ आलं की तो खरोखरच जातो : ‘आय डिडन्ट यूज टू लाइक इट’. आणि ‘आय ॲम यूज्ड टू इट’ हे वेगळंच प्रकरण आहे. ते भूतकाळाचं नाही, ‘मला त्याची सवय आहे’ असं ते सांगतं.

‘त्या काळी’ला ‘इन दोज डेज’ म्हणतात, ‘इन’सकट. ‘दीज डेज’ला मात्र ‘इन’ नको. ‘एकदा’ला ‘वन्स’, पण गोष्टीच्या सुरुवातीचा ‘एके दिवशी’ म्हणजे ‘वन डे’.

हात चालवून बघा

पुढची सहा वाक्यं खालची उत्तरं झाकून इंग्रजीत करा. प्रत्येकाला आधी खुंटी विचारा, मग दार.

एक, तो तासाभरापूर्वी गेला. दोन, ती तासाभरापासून बोलतेय. तीन, मी पोचलो त्याच्या तासभर आधी ते निघून गेले होते. चार, गेल्या महिन्यात मी दोन पुस्तकं वाचली. पाच, गेल्या महिनाभरात मी दोन पुस्तकं वाचली. सहा, फोन बंद पडून तीन दिवस झाले.

उत्तरं. एक, ‘ही लेफ्ट ॲन अवर अगो’. दोन, ‘शी हॅज बीन टॉकिंग फॉर ॲन अवर’. तीन, ‘दे हॅड लेफ्ट ॲन अवर बिफोर आय अराइव्ह्ड’. चार, ‘आय रेड टू बुक्स लास्ट मंथ’, आणि हा ‘रेड’ लिहायला वर्तमानकाळातल्या ‘रीड’सारखाच असतो. पाच, ‘आय हॅव रेड टू बुक्स इन द पास्ट मंथ’. सहाव्याला दोन उत्तरं आहेत. फोन अजून बंदच असेल तर ‘माय फोन हॅज बीन डेड फॉर थ्री डेज’. बंद पडला त्या घटनेवर भर असेल तर ‘माय फोन डाइड थ्री डेज अगो’, मग तो मधल्या काळात दुरुस्त होऊन आलेला असला तरी चालतं.